मार्चमधली टेकडी

अहो,

सुरुवातीला 'प्रिय' लिहिलं आणि खोडलं. इतक्या वर्षांत मी तुम्हाला 'अहो'शिवाय दुसरी हाक मारली नाही. आता कागदावर नवी कुठून आणू?

आज सकाळी आपल्या मुक्तानं तिकडून माझा फोन मधेच बंद केला. मोबाईल आपटता येत नाही, पण तिनं तो आपटला असं मला इकडे ऐकू आलं. भांडण कशावरून, तर टेकडीला कोणत्या बाजूनं फेरी घालायची यावरून! तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "दोघी शहाण्या! टेकडी कॅलिफोर्नियात आणि भांडण सिंगापुरात, तोआ पायोहच्या स्वयंपाकघरात." म्हणून लिहायला बसले. तुम्हाला विचारल्याशिवाय मला याचा निकाल लावता येईना.

हो, तीच टेकडी. मी जाते आहे. तिकीट निघालं. मार्चमध्ये, आणि तुमच्याशिवाय.

आठवतं, मुक्ताच्या लग्नानंतर आपण पहिल्यांदा तिच्याकडे गेलो ते ऑगस्टमध्ये? तिच्या घरापासून तासाभरावरच्या त्या टेकड्या दाखवायला तिनं किती हौसेनं नेलं होतं! तुम्ही गाडीतून उतरलात, कमरेवर हात ठेवलेत आणि म्हणालात, "ही कसली अमेरिका? हा तर आपला जेजुरीच्या अलीकडचा माळ!" सगळीकडे वाळलेलं पिवळं गवत, आणि त्यात एकमेकांपासून लांब उभी असलेली ओकची झाडं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. "बाबा, मार्चमध्ये या ना. हेच सगळं हिरवं असतं. वर तर नुसती केशरी फुलं, अख्खा उतार. तीन-चार आठवडे. मग संपतं."

"मार्चमध्ये येतो," म्हणालात. लगेच. मी शेजारीच उभी होते आणि मला तेव्हाच माहीत होतं की तुम्ही येणार नाही.

कारण मार्चमध्ये तुमचं क्लोजिंग, वर्षाचे हिशेब बंद करायचे! आपल्या घरात मार्च हा महिना कधी आलाच नाही हो. फेब्रुवारी संपला की तुम्ही ऑफिसात जायचात ते एप्रिलमध्ये परत यायचात. दर वर्षी मुक्ता फोटो पाठवायची. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून फोटो मोठा करून बघायचात आणि म्हणायचात, "पुढच्या वर्षी नक्की." फुलांना काय तुमची बॅलन्स शीट कळते? ती आपली वेळेवर यायची आणि वेळेवर जायची. मला याचा राग यायचा. अजून येतो. पण रागवायला समोर माणूस लागतं. तेवढी सोयही तुम्ही ठेवली नाहीत.

शेवटी निवृत्त झालात, तेसुद्धा शेवटचं क्लोजिंग करून देऊन, नव्या माणसाला अडचण नको म्हणून. घरी आलात आणि म्हणालात, "सुनंदा, आता मार्च आपला."

मग सुरू झाली तुमची तयारी. या सपाट बेटावर टेकडीची तयारी कुठे करायची? तुम्ही तोडगा काढलात. ब्लॉकचे जिने! रोज सकाळी खालून अकराव्या मजल्यापर्यंत पायी चढायचं. तुम्ही पुढे, मी मागे. वर पोचलो की तुम्ही लिफ्टचं बटण दाबायचात, आपण खाली यायचो आणि पुन्हा चढायचो. मी एकदा विचारलं होतं, "अहो, उतरायचंही जिन्यानंच का नाही?" तुम्ही हसलात. "उतरायला काय लागतं? उतार आपोआप होतो."

नाही हो होत आपोआप. त्याचं सांगते पुढे.

संध्याकाळी तुम्ही टॅबलेटवर तो नकाशा उघडायचात. तीन मैलांची गोल वाट. फाटकातून आत गेलं की दोन फाटे. तुम्ही पहिल्याच दिवशी ठरवून टाकलंत. डाव्या हाताची वाट धरायची, म्हणजे टेकडी आपल्या उजव्या हाताला राहते. "फेरी घालायची तर प्रदक्षिणेसारखी घालायची. सुलटी. देव असो नसो." मी म्हणाले, "उजवीकडून गेलं तर काय होईल?" तर तुम्ही असं बघितलंत, जसं मी आरती उलटी ओवाळायला निघाले होते.

सप्टेंबरमधल्या त्या सकाळी तुम्ही जिन्यासाठी बूट घालायला बसलात आणि उठला नाहीत. मी आतून म्हणत होते, "किती वेळ नाडी बांधता?" शेवटी बाहेर येऊन बघितलं. त्यानंतरचं मला लिहिता येत नाही. तुम्हाला ते सांगायची गरजही नाही.

पण माझा शेवटचा शब्द तुमच्या कानावर तो पडला, हे मला सलतं. निदान "चला" तरी म्हणाले असते!

तुम्ही गेल्यावर मुक्ता महिनाभर राहिली. जाताना म्हणाली, "आई, मार्चमध्ये ये. आपण जाऊ." मी नाही म्हणाले. जानेवारीपर्यंत नाहीच म्हणत होते. जानेवारीत तिनं एक फोटो पाठवला. टेकडी हिरवी झाली होती. फुलं नव्हती अजून, नुसतं बोटभर गवत आणि ओकची झाडं. खाली एकच ओळ: "सुरू झालं." मी बराच वेळ चष्मा कपाळावर चढवून तो फोटो मोठा करून बघत होते. मग लक्षात आलं की मला तर चष्म्याशिवाय दिसतच नाही. ती तुमची सवय. माझ्या हातात कधी आली?

त्याच दिवशी तिला हो म्हणाले.

शेजारच्या परमेश्वरी अक्कांना कळल्यावर त्या दारातच उभ्या राहिल्या. "वन इयर कॅनॉट क्लाइंब हिल, यू नो ऑर नॉट?" त्यांच्या तमिळ लोकांत घरात मृत्यू झाला की वर्षभर डोंगर चढत नाहीत. मी घाबरले. आपल्यात असं काही आहे का? सण करत नाहीत एवढं मला माहीत. डोंगराचं मी कधी ऐकलं नव्हतं. वर्ष संपेल सप्टेंबरमध्ये, तेव्हा तिथे पुन्हा तेच वाळलेलं गवत. मी अक्कांना फोटो दाखवला. त्यांनी निरखून पाहिला. "दॅट हिल गॉट टेंपल?"

"नो टेंपल, अक्का. ओन्ली फ्लॉवर्स."

"नो टेंपल, देन कॅन," म्हणाल्या, म्हणजे चालेल, आणि आत जाऊन माझ्यासाठी रसम घेऊन आल्या. अहो, तुम्ही हसला असतात ना? मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले आणि मग ते रसम जेवताना रडले.

मग मी तयारीला लागले. आधी लायब्ररीत गेले. तुम्ही मला चिडवायचात, "आमच्या बाईंना खिचडी करायची असली तरी पुस्तक लागतं." दहावीनंतर शाळा सुटलेल्या बाईनं वाचून वाचूनच इंग्रजी शिकलं ना? तुमच्या ऑफिसच्या पार्टीत तुम्हीच सांगत फिरायचात ते. त्या टेकड्यांवरच्या झाडाफुलांचं एक पुस्तक मिळालं, आणि नकाशे कसे वाचायचे त्याचं एक.

आणि काय काय समजलं म्हणून सांगू! ती केशरी फुलं, पॉपी, ऊन आल्याशिवाय उघडतच नाहीत. सकाळी गारठ्यात मिटून असतात, आभाळ आलं तरी मिटतात. आणि तुमचा बेत काय होता? सहाला निघायचं! सिंगापूरचा माणूस, उन्हाच्या आत चालून यायची सवय. तुमच्या बेतानं गेलो असतो तर मिटलेल्या कळ्या बघून घरी आलो असतो आणि तुम्ही म्हणाला असतात, "यासाठी इतकी वर्षं थांबलो?"

दुसरं. तिथे ओकच्या सावलीत एक झुडूप असतं. तीन तीन पानांचं, कोवळं, तुकतुकीत. हात लागला तर आठवडाभर अंगाला खाज आणि फोड. मुक्तानं मला चारदा बजावलं. मी वाचलं तेव्हा आधी तुम्हीच डोळ्यांसमोर आलात. तीन पानं दिसली की तुम्ही बेल म्हणून महादेवासाठी हमखास तोडली असतीत!

आणि तिसरं ते उतरायचं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी इथल्याच बुकित तिमा टेकडीवर गेले, एकटी. केवढीशी ती टेकडी. चढून गेले, दम लागला, पण गेले. तुमच्या जिन्यांची पुण्याई. वर बसून पाणी प्यायले. आणि उतरायला लागले तर गुडघे लटपटायला लागले. पाऊल टाकलं की मांडी थरथरायची. एका जागी कठडा धरून उभी राहिले आणि मला सरळ चालताच येईना. शाळेतली पोरं माझ्या बाजूनं धावत खाली जात होती. तेव्हा कळलं, आपण दोघांनी पाच महिने फक्त चढायची तयारी केली. रोज लिफ्टनं खाली आलो. उतरायचं असतं हे आपल्या ध्यानातच नव्हतं!

मी तिथे उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "अहो, हे सांगायला नको होतं का?" मराठीतून. पुढची चिनी बाई दचकून मागे बघायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून उलटं सुरू केलं. लिफ्टनं अकराव्या मजल्यावर जायचं आणि जिन्यानं उतरायचं. कठड्यावर हात, पाऊल आधी टाचेवर. सातव्या मजल्यावर परमेश्वरी अक्का कपडे वाळत घालून येत होत्या. "लिफ्ट स्पॉइल आ?" नाही म्हटलं. "देन वाय यू वॉकिंग डाउन? एव्हरीबडी वॉक अप लाह!" मी म्हटलं, वर जायचं माझ्या नवऱ्यानं शिकवलं, हे मी माझं शिकते आहे. त्यांना माझं इंग्रजी किती कळलं कोण जाणे. पण दोन मजले माझा दंड धरून उतरल्या.

आता सकाळचं भांडण. नकाशावरच्या त्या पिवळ्या वेड्यावाकड्या रेषा मला आता वाचता येतात. रेषा जवळ जवळ आल्या की चढ उभा. लांब लांब असल्या की सोपा. तुमची सुलटी वाट धरली तर चढ सोपा आहे, गवतातून आणि ओकमधून हळूहळू वर. पण उतार? सगळ्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या! उभा, खडीचा, भुसभुशीत. माझ्या गुडघ्यांचं काही खरं नाही. उलट्या बाजूनं गेलं तर आधी उभा चढ, तासभर छाती फुटेल, पण मग फुलांचा माथा, आणि तिथून झाडांच्या सावलीतला लांब, मऊ उतार. हे मला मुक्ताच्याही आधी कळलं होतं. पुस्तकात बघून कळलं होतं.

तरी मी आज तिला म्हणाले, "बाबांनी ठरवलं तसंच. सुलटी."

"आई, यू विल फॉल. त्या बाजूला माझेसुद्धा पाय घसरतात."

"बाबांनी ठरवलं होतं."

"बाबांनी सहाला निघायचंही ठरवलं होतं. ते तू बदललंस ना?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? सांग ना काय वेगळं! प्लीज लाह, आई, बाबा ओरडणार नाहीयेत." आठ वर्षं अमेरिकेत राहिली, पण चिडली की अजून तोआ पायोहची होते. "तू सुलटीच म्हणत असशील तर मी तुला चढवणार नाही. पिकनिकच्या बाकावर बसू, तिखटमिठाच्या पुऱ्या खाऊ आणि परत येऊ. मला आणखी कुणाला पडलेलं बघायचं नाही."

मी म्हणाले, "मग बसू बाकावर." आणि तिनं फोन बंद केला.

मी तिला सांगू शकले नाही, काय वेगळं ते. तुम्हाला सांगते.

तुम्हाला खाली व्हॉइड डेकमध्ये, ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, ठेवलं होतं. ब्लॉकचे सगळे आले होते. अक्कांनी खुर्च्या मांडल्या होत्या. मुक्ता विमानतळावरून थेट आली. गुरुजींनी तिच्या खांद्यावर पाण्यानं भरलेलं मडकं दिलं आणि तुमच्याभोवती फिरायला सांगितलं. ती फिरायला लागली, सवयीनं, देवाला फिरतात तशी, तुम्हाला उजव्या हाताला ठेवून. गुरुजींनी तिला थांबवलं. हळूच म्हणाले, "नाही बाळ. आता उलटं. गेलेल्या माणसाला उलटं फिरायचं."

अहो, डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला ते कळलं नव्हतं. तुमच्या अंगावर फुलं घातली तेव्हाही नाही. "आता उलटं" म्हणाले तेव्हा कळलं. मी डोळे मिटून घेतले. फरशीवर पाणी गळत असल्याचा आवाज तेवढा येत होता आणि मुक्ताच्या अनवाणी पायांचा. तीन फेऱ्या होईपर्यंत मी डोळे उघडले नाहीत.

म्हणून मला सुलटी हवी होती. वाटत होतं, सुलटी फिरले तर तुम्ही कुठेतरी आहात. पुढे आहात, वळणाच्या पलीकडे, नेहमीसारखे मागे न बघता चाललेले. आणि उलटी फिरले तर मीच, माझ्या पायांनी, तुम्ही गेलात असं सांगितल्यासारखं होईल. गुडघा मोडला तरी चालेल, पण तेवढं माझ्याकडून व्हायला नको. असा वेडेपणा! साठी उलटलेल्या, चार पुस्तकं वाचलेल्या बाईचा.

इथपर्यंत लिहिलं आणि उठले. दुपारी तिकडे रात्र झालेली असते, म्हणून तिची सकाळ होईपर्यंत थांबले. भाजी निवडली, कुंड्यांना पाणी घातलं, संध्याकाळचा दिवा लावला. मग रात्री दहाला, तिकडे पहाटेचे सहा झाल्यावर, फोन केला. तिनं लगेच उचलला, म्हणजे तिलाही झोप नसावी.

मी म्हणाले, "उलटी घालू."

तिकडे पलंग करकरला, ती उठून बसली असावी.

"मुक्ता? उजव्या हाताची वाट धरू. आधी उभा चढ, मग सोपा उतार. तुझ्या बाबांना उलटीच घालायची असते ना आता? ठरलं तर मग."

मग तिच्या रडण्याचा आवाज आला. लहानपणी ताप आल्यावर रडायची तसा, दबलेला. रडत रडतच म्हणाली, "आई, त्या दिवशी तू डोळे मिटले होतेस. प्रत्येक फेरीला तुझ्यासमोर आले की मी बघायचे, उघडलेस का. मडकं खूप जड होतं गं."

अहो! मी तुमच्यासाठी डोळे मिटले होते. तीही तिथेच होती हे माझ्या ध्यानातच आलं नाही. इतके महिने मला वाटत होतं, त्या दिवशी एकटी मी झाले.

मी तिला म्हणाले, "या वेळी मी चालते ना बरोबर." तेवढंच सुचलं. ती म्हणाली, "ओके." मग नाक ओढत म्हणाली, "पण स्टिक घ्यायची. दोन. आणि मी म्हणेन तिथे बसायचं." तुमचीच मुलगी. हुकूम सोडल्याशिवाय प्रेम करता येत नाही.

तर असं ठरलं. साडेनऊला निघायचं, ऊन वर आल्यावर. आदल्या दिवशी पाऊस झाला तर एक दिवस थांबायचं, तिथली माती बुटाला चिकटते म्हणे. पाणी, टोपी, पुऱ्या, लिंबाचं लोणचं. तीन पानांना हात लावायचा नाही.

मला अजून भीती वाटते. उताराची नाही. माथ्यावर पोचल्यावर तो सगळा केशरी उतार दिसेल आणि तोंडातून "अहो, बघा" निघेल, त्याची. निघालं तर निघू दे. तुम्ही हे पाहायला हवं होतं हो. एक मार्च, फक्त एक, त्या ऑफिसला सांगायचं होतं की मला जमणार नाही! ही तक्रार माझ्याकडे राहील. कुठल्याच टेकडीवर मी ती सोडून येणार नाही.

पण वचन देते. या वेळी डोळे मिटणार नाही. मुक्ताच्या बरोबरीनं चालेन, तिच्या पुढे नाही आणि मागेही नाही. टेकडी आमच्या डाव्या हाताला राहील. कुठे जड झालं तर तिच्या खांद्यावरचं माझ्या खांद्यावर घेईन. आणि आम्ही दोघी, न घसरता, पूर्ण खालपर्यंत उतरून येऊ.

तुमची,
सुनंदा